ड्रॉप कधी येणार हे आधीच कळत असेल, तर ऐकायचं कशासाठी? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खर्ज

परवा एका मित्राला माझ्या आवडीचा टेक्नो, म्हणजे यंत्रांवर केलेल्या नाचाच्या संगीताचा, ट्रॅक ऐकवला. दोन मिनिटांत हेडफोन काढून म्हणाला, "सुरू कधी होणार?" मी म्हटलं, सुरूच आहे की. त्यावर तो जे बोलला ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. "एक ऐकलं की सगळी ऐकून झाली. एकाच छापखान्यातून निघाल्यासारखी वाटतात ही."

त्याचं अर्धं म्हणणं आधीच मान्य करून टाकतो. मोठ्या महोत्सवांत वाजणारं ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) पुष्कळदा साच्यातलंच असतं, आणि तो साचा घड्याळ लावून मोजता येतो. वेग १२८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२८ मात्रा, धरा. चार मात्रांचा एक बार, म्हणजे आठ बार बरोबर १५ सेकंदांत संपतात आणि सोळा बार ३० सेकंदांत. दर १५ सेकंदांनी काहीतरी येतं किंवा जातं. हाय-हॅट (छोटी झांज) आली, क्लॅप (टाळी) आला, किक (मोठ्या ड्रमचा खालचा ठोका) गेली. मग बिल्ड-अप, म्हणजे चढत जाणारा ताण. स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) आधी मात्रेला एक, मग दोन, मग चार. मागे सूंऽऽ करत चढत जाणारा नॉइज. शेवटची मात्रा रिकामी, आणि धाडकन ड्रॉप, म्हणजे सगळा ठेका पूर्ण जोराने परत. पहिल्यांदाच ऐकणारा माणूससुद्धा त्या क्षणी अचूक हात खाली आणतो.

तरी माझं मत असं की दोष या सांगाड्याचा नाही. सांगाडा सगळ्यांचा सारखाच असणार. ट्रॅक साचेबद्ध वाटतो तो आवाजामुळे. जिथे जिथे निवड करायची संधी होती तिथे तिथे करणाऱ्याने समोर आलं ते घेतलं, हे कानाला कळतं.

१९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या गटाचा 'ॲसिड ट्रॅक्स' आला. त्यात चाल म्हणावी असं जवळजवळ काही नाही. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे छोटं यंत्र गिटारवाल्यांना सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. त्यातून खऱ्या बेस गिटारसारखा आवाज निघेना, १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत ते स्वस्तात मिळायला लागलं. या मुलांनी त्यावर एक छोटी स्वरावली लावून दिली आणि दहा मिनिटांहून जास्त वेळ फिल्टरची, म्हणजे आवाज दबका किंवा तीक्ष्ण करणारी, बटणं फिरवत राहिले. स्वर तेच, ठेका तोच. बदलतो तो फक्त स्वराचा पोत. कधी तो आवाज गुरगुरतो, कधी किंचाळतो, कधी ओल्या काचेवर बोट घासल्यासारखा होतो. संपूर्ण 'ॲसिड हाउस' हा प्रकार त्यातून उभा राहिला.

म्हणून मी एक परीक्षा लावतो. ट्रॅकमधले कुठलेही चार बार कापा आणि दोन मिनिटं तेवढेच फिरवत ठेवा. ड्रॉप नाही, बिल्ड-अप नाही. तरीही ऐकावंसं वाटलं तर त्या माणसाकडे सांगण्यासारखं काही आहे. नाही वाटलं, तर ड्रॉप कितीही मोठा असो, आत काही नाही.

चौथी मात्रा

खर्ज, आवाजाबद्दल सहमत. पण सांगाड्याला तुम्ही फार स्वस्तात सोडलंत.

सोळा-सोळा, बत्तीस-बत्तीस बारची ती रचना आली कुठून? डीजेच्या सोयीतून. एक रेकॉर्ड संपत असताना दुसरी तिच्यात मिसळायची, तर दोन्हींच्या टोकांना नुसता ठेका लागतो, म्हणून सुरुवातीला मिनिटभर किक आणि हाय-हॅट. तबकड्यांच्या काळात त्याला अर्थ होता. आज ज्या ट्रॅकला कुणी कधी मिसळणार नाही, जो माणूस चालता चालता कानात लावणार आहे, त्यालासुद्धा तोच सांगाडा. कारण उरलं नाही, सवय उरली. माझ्या लेखी साचा म्हणतात तो यालाच.

आणि नवा आवाज नवा राहतो किती दिवस? नव्वदच्या दशकात रोलंडच्याच जेपी-८००० या सिंथेसायझरमध्ये सुपरसॉ नावाचा आवाज आला. एकाच स्वराच्या सात करवती लहरी, एकमेकींपासून किंचित बेसूर केलेल्या, त्यामुळे एकच स्वर भिंतीएवढा रुंद ऐकू येतो. ट्रान्स या प्रकारच्या संगीतात पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. पुढे तो इतका वापरला गेला की आता पहिल्या स्वरालाच पुढचं सगळं कळतं. आवाजावर मदार ठेवलीत तर आजचं नवं उद्याचा साचा होणारच. त्यापेक्षा पुढे काय होईल हे न कळणं, ही माझी कसोटी. तुमची चार बारची परीक्षा तर पुढे काय होणार हा प्रश्नच पुसून टाकते.

खर्ज

पुढे काय होणार हे कळलं की मजा संपली, असं खरंच आहे का? तबल्याच्या एकल वादनातला लेहरा आठवा. सारंगीवर किंवा हार्मोनियमवर तीच सोळा मात्रांची धून तासभर फिरत असते. ती एका स्वराने बदलावी अशी कुणाचीच अपेक्षा नसते, उलट बदलली तर घोटाळा होईल. ती स्थिर आहे म्हणून तर तबल्यातलं बारीकसारीक ऐकू येतं. चांगल्या टेक्नोत किक हा लेहरा असतो. कान तिच्यावर ठेवायचाच नसतो, तिच्या आधाराने बाकीचं ऐकायचं असतं. माझा मित्र दोन मिनिटं लेहरा ऐकत बसला आणि तबला कधी सुरू होणार म्हणून विचारत राहिला.

कायदा-पेशकार

अकरा वर्षं तबला शिकतो आहे, म्हणून या उपमेवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

लेहरा स्थिर असतो हे बरोबर. पण त्याच्यासमोर एक माणूस बसलेला असतो, आणि तो काय करतोय ते मोजता येतं. कायदा (ठरावीक बोलांची रचना) घेतला की बोल ठरले. त्या बोलांबाहेर जायचं नाही, हा तर तुमच्या ईडीएमपेक्षा कडक साचा झाला. मग पलटे. तेच बोल उलटसुलट मांडत पुढे जायचं, खाली-भरी (तालाचे हलके आणि भरदार भाग) सांभाळायची, आणि शेवटी तिहाई. साच्याला माझा अजिबात विरोध नाही, मी साच्यातच वाढलोय. माझा प्रश्न एवढाच की तुमच्या ट्रॅकमध्ये पलटे कोण करतं? सॉफ्टवेअरमध्ये चार बार चिकटवले, ते बत्तीस वेळा उमटले. ही लेहऱ्याची पुनरावृत्ती आहे हे मान्य. पण सगळाच लेहरा असेल, तर तबला कुठाय?

दुसरं, ड्रॉप आणि तिहाई यांची तुलना इथे कुणीतरी करणारच, म्हणून आधीच सांगतो. तिहाई येतेय हे ऐकणाऱ्याला कळतं, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे तेही कळतं, तरी ती अंगावर येते. कारण मध्ये हिशेब असतो. तीन वेळा तोच तुकडा, मधले दम (थांबे), आणि शेवटचा 'धा' नेमका समेवर. आणि वादकाला वाटलं तर तो समेवर येतच नाही. किंचित आधी उतरला तर अनागत, नंतर उतरला तर अतीत. श्रोत्याने मनातल्या मनात मोजलेलं सगळं हलतं. ईडीएमचा ड्रॉप अनागत येतो का कधी? मी तरी ऐकलेला नाही. स्नेअर चौपट झाली, शेवटची मात्रा रिकामी, की पुढचं ठरलेलं. त्यात हिशेब नाही, नुसती चाहूल आहे.

चौथी मात्रा

कायदा-पेशकार यांना +१. हेच म्हणायचं होतं, इतक्या नेमकेपणाने जमलं नव्हतं.

जुनी कॅसेट

ड्रॉप नेहमी ठरल्या जागी येतो हे महोत्सवी ईडीएमपुरतं खरं आहे. डबस्टेप या प्रकारात वेग १४० च्या आसपास असतो, पण स्नेअर तिसऱ्या मात्रेवर ठेवतात, त्यामुळे अंगाला तो ७० वाटतो. बिल्ड-अपमध्ये सगळं दुप्पट-चौपट होत जातं आणि ड्रॉप येतो तेव्हा काळच अर्ध्या गतीने चालायला लागतो. जागा तीच, पण पायाखालची लय बदललेली. माझ्या मते ती बेरीज-वजाबाकी तिहाईच्या बरीच जवळ जाते.

आता पुनरावृत्तीबद्दल. १९९४ साली ब्रिटनमध्ये रेव्ह पार्ट्यांना आळा घालायला फौजदारी न्यायाचा कायदा झाला. त्यात संगीताच्या व्याख्येत एकामागून एक येणारे, पुन्हा पुन्हा वाजणारे ठोके असा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे पुनरावृत्ती थेट कायद्याच्या भाषेत गेली. त्याच्या निषेधात ऑटेकर या जोडीने त्याच वर्षी 'फ्लटर' नावाचा ट्रॅक काढला, ज्यात ठोक्यांची मांडणी कुठल्याच दोन बारमध्ये सारखी नाही. चौथी मात्रा, तुमच्या कसोटीवर हा पैकीच्या पैकी उतरायला हवा. ऐकून बघा. मला तरी मन लावून मोजल्याशिवाय फरक कळत नाही. कान त्याची सरासरी काढतो आणि एक स्थिर ठेका ऐकतो. ट्रॅक सुंदर आहे, पण त्याचं सौंदर्य ठोके बदलण्यात नाही, वर तरंगणाऱ्या स्वरांत आहे. सारखं बदलत राहिलं की आपोआप नवं वाटतं, असं नसतं.

उलट उदाहरणही आहे. १९६९ साली द विन्स्टन्सच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने चार बार एकट्याने वाजवले. जेमतेम सात सेकंद. तो तुकडा पुढे हजारो रेकॉर्डमध्ये सॅम्पल झाला, म्हणजे उचलून वापरला गेला. नव्वदच्या दशकात 'जंगल' नावाच्या वेगवान नाचसंगीताच्या प्रकारातल्या लोकांनी त्याचा वेग वाढवला, एकेक ठोका सुटा केला आणि पत्ते पिसावेत तसा पुन्हा लावला. सगळ्यांकडे तीच सात सेकंदं होती, तरी दोन चांगले जंगल ट्रॅक एकमेकांसारखे लागत नाहीत. कायदा-पेशकार, तुमचा पलटा मला तिथे दिसतो. बोल ठरलेले, मांडणी ज्याची त्याची. कोलमनला यातून रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही, हे मात्र त्या प्रत्येक ट्रॅकबरोबर आठवत राहतं.

आणखी एक गोष्ट, मला ही फार महत्त्वाची वाटते. खर्ज यांनी सांगितलेलं टीबी-३०३ शिकागोच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी एका रेकॉर्डसाठी वापरलं होतं. सोबत टीआर-८०८ या यंत्राचे ड्रम, आणि त्यावर दहा राग. रागाची सुरावट सरळ डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले, कारण ती ॲसिड हाउससारखी वाजते. आता विचार करा. ती आज इतकी ताजी का वाटते? माझं उत्तर : तिची नक्कल कुणी केली नाही म्हणून. 'ॲसिड ट्रॅक्स'ची हजारोंनी केली, आणि आज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कदाचित साचेबद्धच वाटेल. साचेबद्धपणा ट्रॅकच्या आत जेवढा असतो, तेवढाच त्याच्यामागून आलेल्यांत असतो.

रात्री दोन

मी हे संगीत करतो, नोकरी सांभाळून, बहुतेक रात्रीच. आतल्या बाजूने सांगतो.

साचा पहिली किक टाकायच्या आधीच सुरू होतो. सॉफ्टवेअर उघडलं की वेग बहुधा १२० वर लावलेला असतो, चार मात्रांचा बार, आणि सोळा समान घरांची जाळी. त्यात काहीही टाका, ते घरात जाऊन चिकटतं. काही न ठरवताच तुमचे अर्धे निर्णय झालेले असतात. मग किक दाबली जाऊ नये म्हणून साइडचेन लावायचा : दर किकला बाकीचे आवाज क्षणभर खाली बसतात आणि परत उठतात. मूळ हेतू जागा करून देणं. आता किक नसलेल्या भागातही तो श्वास लावतात, कारण त्याशिवाय 'प्रोफेशनल' वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका ट्रॅकवर मी तीन आठवडे घालवले. त्यातला एक गाण्याचा तुकडा फार जमून आला होता, सगळं त्याच्याभोवती बांधलं. पूर्ण झाला त्याच आठवड्यात तोच तुकडा, त्याच स्वरात, दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रॅकमध्ये ऐकला. दोघांनी एकच सॅम्पल पॅक, म्हणजे तयार तुकड्यांचा संच, घेतला होता. कुणीही काही चोरलं नव्हतं, तो विकायलाच ठेवलेला होता. पण मला इतकं वाईट वाटलं की महिनाभर काहीच केलं नाही. वाईट याचं वाटलं की जी मी माझी कल्पना समजत होतो, ती पॅक बनवणाऱ्याची होती.

म्हणून जुनी कॅसेट यांचं आमेनचं उदाहरण मला अर्धंच पटतं. जंगलवाले सात सेकंदांचे तुकडे तुकडे करत होते. आजचा पॅक आधीच कापून, स्वच्छ करून, सुराचं नाव लिहून येतो. तोडायला काही शिल्लकच ठेवलेलं नसतं.

मला फरक कुठे सापडला तर वेळेत. १२८ ला जाळीतलं एक घर साधारण ११७ मिलिसेकंदांचं असतं. स्विंग, म्हणजे प्रत्येक दुसरं घर किती मागे ढकलायचं ते, ५० टक्के म्हणजे सगळं सरळ, ६६ म्हणजे जवळजवळ तिस्र (तिनात विभागलेलं). ५४ ला ठेवलं तर प्रत्येक दुसरं घर नऊ-दहा मिलिसेकंद उशिरा येतं. नऊ मिलिसेकंद! ऐकू येत नाही, पण मान हलायला लागते. ५८ ला तोच ट्रॅक ढेंगा टाकत चालतो. बरियल या ब्रिटिश संगीतकाराने 'अनट्रू' हा २००७ चा अल्बम सीक्वेन्सरची जाळी न वापरता, साध्या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लहरींची चित्रं बघत बघत रचला, असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. त्याचे ड्रम अडखळतात, मागे रेलतात, आणि कुठल्याही प्रीसेटने (तयार सेटिंगने) तसे होत नाहीत.

चौथी मात्रा

म्हणजे यंत्राने माणसाची नक्कल केली की अस्सल, असं म्हणायचं आहे का? मग सरळ ड्रमवादकच का घेऊ नये?

रात्री दोन

नाही, तसं नाही. १९७७ च्या 'आय फील लव्ह' या गाण्यात निर्माता मोरोडरने जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर केलं, पण हवा तसा किकचा दणका यंत्रातून निघेना म्हणून तेवढा ड्रमवादक कीथ फॉर्सीने हाताने, खरं तर पायाने, वाजवला. तिथे माणूस यंत्राइतका काटेकोर व्हायचा प्रयत्न करतोय, आणि म्हणूनच ते अजून थरारक वाटतं. क्राफ्टवेर्क या जर्मन गटाने तर मुद्दाम ताठ ठेवलं. ताठ असणं हा दोष नाही. विचार न करता ताठ राहणं मला खटकतं.

पायरव

सगळे बसून ऐकताय असं दिसतंय. मी नाचायला जाते, म्हणून एक मुद्दा.

डान्स फ्लोअरवर तासाभराने ट्रॅक सुटे राहत नाहीत. कुठला कधी संपला कळत नाही. तिथे एकसारखेपणा हा माझ्या गरजेचा भाग आहे, कारण पुढचा ठोका कुठे पडणार याचा भरवसा असल्याशिवाय शरीर मोकळं होत नाही. तुमचा अनागत ड्रॉप फ्लोअरवर आला तर दोनशे लोकांचे पाय एकदम चुकतील. एखाद्या वेळी छान वाटेल, दर वेळी नाही. मित्राने हेडफोन काढले यात नवल नाही. नाचायचं संगीत तो खुर्चीत बसून ऐकत होता.

पण साचेबद्धपणा फ्लोअरवरही कळतो, आणि फार लवकर. दर तीन मिनिटांनी बिल्ड-अप आणि ड्रॉप लावणारा डीजे असला की अर्ध्या तासात दमायला होतं, कारण प्रत्येक वेळी आता येईल, आता येईल म्हणून थांबायला लावतात. वाट बघत असताना कुणी नाचत नाही. खर्ज यांची चार बारची परीक्षा मला पटली ती यासाठी. जो तुकडा थांबवून ठेवत नाही, आत्ताच्या आत्ता पुरेसा असतो, त्यावर पहाटेपर्यंत नाचता येतं.

खर्ज

पायरव यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला. आणि एक गोष्ट मागे घेतो. दोष आवाजाचा, सांगाड्याचा नाही, असं मी सरसकट लिहिलं. थांबायला लावणारा सांगाडा आणि थांबायला न लावणारा सांगाडा यांत फरक आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. चौथी मात्रा, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण पुढचं न कळणं ही कसोटी मला अजून मान्य नाही. शंभरदा ऐकलेल्या ट्रॅकमध्ये पुढचं सगळं पाठ असतं, तरी तो पुन्हा लावतोच ना आपण?

चौथी मात्रा

लावतो. पण पहिल्यांदा त्याने चकवलं होतं म्हणून लावतो. पहिल्या खेपेला न चकवलेला एकही ट्रॅक माझ्याकडे शंभराव्या खेपेपर्यंत पोचलेला नाही. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

कायदा-पेशकार

दोन दिवस मध्ये गेले, कारण 'ॲसिड ट्रॅक्स' खरंच ऐकत होतो. एकदा पूर्ण, मग खर्ज म्हणतात तसे चार बार फिरवून, मग पुन्हा पूर्ण.

चार बार फिरवले तेव्हा मिनिटभरात कंटाळा आला. पूर्ण ऐकताना नाही आला. म्हणजे तुमची परीक्षा तुमच्याच उदाहरणाला लावली तर ते माझ्यापुरतं नापास होतं, आणि तरी ट्रॅक मला आवडला. याचा अर्थ मी असा लावतो की त्याची जान चार बारमध्ये नाही, चार बार बदलत जाण्यात आहे. फिल्टर फिरवणारा हात ऐकू येतो. कुठे घाईने उघडलाय, कुठे अर्ध्यावर थांबून परत फिरलाय. तो वादक आहे. तिथे तबला आहे, हे मान्य करतो.

माझा आक्षेप आता असा उरतो की आजकाल तो हातही नसतो. रात्री दोन, तुम्हीच सांगा, फिल्टर उघडण्याची रेघ माऊसने काढता ना? सरळ तिरकी रेघ, आठ बारची?

रात्री दोन

बहुतेक वेळा, हो. हाताने फिरवलं तरी नंतर रेघ साफ करतो.

कायदा-पेशकार

मग मला तो फरक ऐकायचा आहे. तोच ट्रॅक, एकदा रेघ काढून आणि एकदा हाताने, साफ न करता. कुठला कुठला ते सांगू नका.

रात्री दोन

शनिवारी करतो. अ आणि ब अशी नावं देऊन इथेच टाकतो. खर्ज, तुम्हीही ओळखा, आणि चौथी मात्रा, तुम्हीही. हाताने फिरवताना मी स्वतःला एकच संधी देणार आहे. चुकलं तर चुकलेलंच राहील.

कायदा-पेशकार

टाका. स्पीकरवर ऐकेन.